आजारी आहात, पण टक्के किती?

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायला बसलात की थोड्या वेळाने एक यादी समोर येते. दिव्यांगत्वाचा प्रकार निवडा. अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग, स्वमग्न, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन अशी ती यादी आहे. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला जाणारा माणूस ही यादी वरून खाली वाचतो, पुन्हा खालून वर वाचतो आणि विचारतो, "टीचर, यात आपलं कुठे आहे?"

त्याचं यात कुठेच नाही. आजचा लेख या उत्तराबद्दल आहे.

मी वसई-विरार भागात उर्दू आणि मराठी शिकवते. आमच्या वस्तीत मराठी अर्ज वाचता येणारे आणि उर्दूतून समजावून सांगणारे लोक फार नाहीत, त्यामुळे शाळा सुटल्यावर कुणी ना कुणी कागद घेऊन येतंच. वालीव, सातिवलीच्या गाळ्यांत मशीन चालवणारा कामगार येतो, घरी बसून कपड्याला खडे चिकटवणारी बाई येते, नालासोपाऱ्यात रिक्षा चालवणाऱ्याची मुलगी येते. हाता-पायाने धडधाकट दिसणाऱ्या पण आतून झिजत चाललेल्या माणसांचे अर्ज भरणं सगळ्यात अवघड जातं. पाय नसलेला माणूस सरकारला दिसतो. किडनी नसलेला माणूस दिसत नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते नीट पाहू, कारण आपल्याकडे अर्ध्या तक्रारी कायदा न वाचता होतात. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे फक्त ७ प्रकार होते. तो कायदा यावा म्हणून आणि नंतर तो बदलावा म्हणून वर्षानुवर्षं लढलेल्या लोकांत जावेद आबिदी यांचं नाव पुढे होतं. अलीगढमध्ये जन्मलेला, स्वतः व्हीलचेअरवर असलेला हा माणूस २०१८ मध्ये गेला. जाण्यापूर्वी त्याने नवा कायदा पाहिला. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि ७ चे २१ प्रकार झाले. थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजार आणि मल्टिपल स्क्लेरोसिस व पार्किन्सन हे मज्जासंस्थेचे आजार पहिल्यांदा यादीत आले. म्हणजे आजार हासुद्धा अपंगत्व असू शकतो, हे भारताच्या कायद्याने मान्य केलं. ही लहान गोष्ट नव्हती.

पालघर जिल्ह्यासाठी तर नाहीच नाही. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणूच्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेल पिढ्यानपिढ्या चालत आलेला आहे. सांधे फोडणारी कळ येते, मूल चार दिवस शाळेत येत नाही, पाचव्या दिवशी खेळताना दिसतं आणि मास्तर म्हणतो, नाटक करतो. त्या मुलाच्या हातात आज प्रमाणपत्र येऊ शकतं. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, त्यामुळे तपासणीही वाढली. पण पुढची अट वाचा. याच कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण दिलं, आणि ज्या प्रकारांना ते दिलं त्यांत रक्ताचे हे तीन आजार नाहीत. उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागांवर सिकलसेलचं मूल हक्क सांगू शकतं, शिकून बाहेर पडल्यावर नोकरीच्या रांगेत मात्र त्याचा हक्क संपतो.

आणि जे आजार यादीतच नाहीत त्यांचं काय? निकामी झालेल्या किडन्या, कमजोर झालेलं हृदय, कर्करोग, दम्याने थकलेली फुप्फुसं, ल्युपससारखे आजार, या कशालाच स्वतःचा रकाना नाही. मधुमेह यादीत नाही, पण मधुमेहाने पाय कापावा लागला तर अस्थिव्यंग म्हणून टक्के मिळतात. आमवात यादीत नाही, पण बोटं कायमची वाकडी झाली तर मिळतात. म्हणजे आजार शरीराचा एखादा भाग घेऊन जाईपर्यंत व्यवस्था थांबते. ज्या वर्षांत थोडा आधार मिळाला असता तर पाय वाचला असता, त्या वर्षांत माणसाच्या हातात काहीच नसतं. पाय गेला की ओळखपत्र येतं.

डायलिसिसचा हिशोब मांडून बघा. आठवड्याला तीन वेळा, दर वेळी साधारण चार तास. वर्षाला १५० हून जास्त फेऱ्या. त्या दिवशी काम नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी अंगात त्राण नाही. कोणता शेठ असा कामगार ठेवील? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिसचा खर्च निघतो, आणि ही मोठीच मदत आहे. पण ती योजना यंत्राचा खर्च देते. यंत्राला जोडलेल्या माणसाच्या घरी त्या महिन्याचं रेशन कसं यायचं, हे त्या योजनेच्या कक्षेबाहेर आहे.

गंमत अशी की सरकारच्याच दुसऱ्या खिडक्या या रुग्णाला ओळखतात. रेल्वेच्या भाडे सवलतीच्या यादीत कर्करोग, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल यांच्यासोबत डायलिसिसचे आणि किडनी प्रत्यारोपणाचे रुग्ण आहेत. एसटीच्या सवलतीतही डायलिसिसचे रुग्ण आहेत. विरार लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात गर्भवती स्त्रिया आणि कर्करोगाचे रुग्ण चढू शकतात. तिकीट देणाऱ्या खात्याला जे कळलं ते प्रमाणपत्र देणाऱ्या खात्याला का कळू नये?

आता पैशाकडे येऊ. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली सुरू झाली, ती बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले मुख्यमंत्री असताना. आंबेतच्या या कोकणी मुसलमानाबद्दल लोकांची मतं वेगवेगळी असतील, पण महाराष्ट्रातल्या लाखो निराधारांच्या घरी आजही जे पैसे पोचतात त्याची सुरुवात त्यांच्या काळातली आहे. या योजनेत एक शहाणपण पहिल्यापासून आहे. ती अंध-अपंगांबरोबर दुर्धर आजाराने कमाई बंद झालेल्यांनाही धरते. क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग अशी नावं घेऊन ती इतर तशाच आजारांना जागा ठेवते. सिकलसेलही त्यात आहे. म्हणजे प्रमाणपत्राचा दरवाजा बंद असला तरी ही खिडकी उघडी आहे. किडनीच्या रुग्णाने शासकीय डॉक्टरांचा दाखला घेऊन इथे अर्ज करायला हवा, आणि आपल्यापैकी फार थोड्यांना हे माहीत असतं.

पण खिडकीची उंची बघा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे, म्हणजे दिवसाला १३७ रुपये. वसई-विरारमध्ये चाळीतल्या एका खोलीचं भाडं भरणारं कोणतं कुटुंब २१,००० रुपयांत वर्ष काढतं? एकही नाही. तरीही दाखले निघतात, कारण दाखला निघाल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. ज्या बाईने आयुष्यात दुकानदाराचे दोन रुपये बुडवले नाहीत, तिला सरकारी कागदावर खोटा आकडा मान्य करून सही करावी लागते. आधी नियम असा करायचा की खोटं बोलल्याशिवाय मदत मिळू नये, आणि मग लाभार्थी खोटारडे असतात म्हणायचं, हा कुठला न्याय?

तुलनाच करायची तर २०२४ च्या लाडकी बहीण योजनेशी करा. तिथे कुटुंबाची उत्पन्न मर्यादा अडीच लाख आहे. मी त्या योजनेच्या विरोधात नाही, माझ्या विद्यार्थिनींच्या आया त्या १,५०० रुपयांतून वह्या घेतात हे मी पाहते. पण धडधाकट बाईला अडीच लाखांपर्यंत मदत आणि डायलिसिसवरच्या माणसाला २१,००० च्या पुढे नाही, हे कोणत्या तराजूत बसतं? २०१६ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये तर असं आहे की दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांच्या तशाच योजनांपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी. राज्याने २०२५ मध्ये निराधार योजनेतल्या दिव्यांगांची रक्कम १,५०० वरून २,५०० केली, हे स्वागतार्ह आहे. पण दुर्धर आजाराच्या रकान्यातून आलेला माणूस १,५०० वरच राहिला. केंद्राच्या निवृत्तिवेतनाबद्दल न बोललेलं बरं. त्याला ८० टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं नाव लागतं, आणि केंद्राचा वाटा महिन्याला ३०० रुपये.

हे झालं कायद्याचं. प्रत्यक्ष अर्जात अडथळा दुसराच असतो, आणि तो आपल्या लोकांना जरा जास्त लागतो. तो म्हणजे नाव.

उर्दूतलं एक नाव देवनागरीत चार तऱ्हांनी उतरतं. शेख, शैख, शेक. सय्यद, सैयद, सईद. मोहम्मद, महम्मद, मो. आणि इंग्रजीतल्या आखूड रूपावरून संगणकाने परस्पर बनवलेलं 'मोहद'. आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं, रुग्णालयाच्या केसपेपरवर घाईत लिहिलेलं चौथं. बाईचं नाव लग्नाआधी खातून, नंतर शेख, आणि बँकेत नुसतं बी. उत्तरेकडून आलेल्या अनेक कुटुंबांत आडनाव लावायची रीतच नाही, आणि मराठी अर्जाला नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि आडनाव असे तिन्ही रकाने भरून हवे असतात. त्यात आपला जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. जुन्या कागदांवर जिल्हा ठाणे, नव्यांवर पालघर. हे काही कुणी मुद्दाम केलेलं नाही. पण तापाने फणफणलेल्या माणसाला शपथपत्रासाठी तिसऱ्यांदा रांगेत उभं केलं की परिणाम तोच होतो. तो अर्ज सोडून देतो.

मग येतो अंतराचा प्रश्न. २०११ च्या जनगणनेत पालघर जिल्ह्याच्या आजच्या हद्दीत साधारण ३० लाख लोक होते आणि त्यातले १२ लाखांहून जास्त एकट्या वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत. म्हणजे दर पाच माणसांतली दोन. तपासणी मात्र मंडळ ज्या दिवशी, ज्या रुग्णालयात बसेल तिथे. विरारच्या पुढे गाड्या कमी, आणि मोखाड्याच्या माणसाला तर रेल्वेच नाही. इलाज चालतो मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात, कागद तिथे, तपासणी इथे. आमच्या शेजारच्या एका बाईला आमवात आहे. सकाळी उठल्यावर तिला कपाची मूठ धरता येत नाही. दुपारी गोळी लागू पडली की बोटं थोडी सैल होतात. तपासणीला तिचा नंबर दुपारी आला. तिला मूठ मिटायला सांगितलं, तिने मिटली. झालं. सकाळची तिची मूठ कुणी पाहिलीच नाही.

जुनाट आजाराचा स्वभावच असा असतो. तो रोज सारखा नसतो. एका दिवसाच्या, दहा मिनिटांच्या तपासणीत तुटलेलं हाड सापडतं, थकवा सापडत नाही. यावर जगात विचार झालेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात आजाराच्या नावापेक्षा माणूस काय करू शकतो आणि काय नाही याला महत्त्व दिलं. ब्रिटनमध्ये २०१३ पासून जी मदत दिली जाते तिच्यात प्रश्न असा विचारतात की स्वयंपाक, आंघोळ, चालणं ही कामं तुम्ही सुरक्षितपणे, पुन्हा पुन्हा, वाजवी वेळेत आणि निम्म्याहून जास्त दिवस करू शकता का? तिथेही तक्रारी भरपूर आहेत, तिथले रुग्णही वैतागलेले आहेत. पण प्रश्न तरी बरोबर विचारला आहे.

आपल्या कायद्यातही हा बरोबर प्रश्न लपलेला आहे. दिव्यांग व्यक्तीची कायद्यातली मूळ व्याख्या २१ आजारांवर थांबत नाही. शरीरातली किंवा मनातली दीर्घकाळची उणीव आणि समाजातले अडथळे यांच्या टकरीमुळे ज्याला इतरांच्या बरोबरीने वावरता येत नाही तो दिव्यांग, असा तिचा आशय आहे. ४० टक्क्यांची अट ही आरक्षणासारख्या ठरावीक लाभांसाठी आहे. ११ फेब्रुवारी २०२१ च्या विकास कुमार विरुद्ध लोकसेवा आयोग या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक स्पष्ट केला. तो उमेदवार लिहिताना हात आखडण्याच्या मज्जासंस्थेच्या विकाराने त्रस्त होता. ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या ओंकार गोंड या विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात न्यायालयाने पुन्हा सांगितलं की नुसते टक्के पाहू नका, हा माणूस काय करू शकतो ते पाहा. शिक्षकांनी आणि परीक्षा घेणाऱ्यांनी हे दोन निकाल माहीत करून घ्यायला हवेत. आपल्या शाळेतल्या थॅलेसेमियाच्या मुलाला रक्त चढवल्याच्या दुसऱ्या दिवशी पेपर द्यायला लावणं हे शिस्तीत बसत नाही.

नोकरीत असलेल्यांसाठी आणखी एक कलम सांगते, कारण ते फार जणांना ठाऊक नसतं. सेवेत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर नेता येत नाही. कलम २०. आणि कायद्याच्या व्याख्येत सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थाही येतात, म्हणजे आपल्या कितीतरी उर्दू शाळासुद्धा.

आता विरोधी बाजू. ती खोटी नाही. लोक म्हणतात, सगळे जुनाट आजार आत घेतले तर प्रत्येक शुगरवाला, प्रत्येक बीपीवाला रांगेत उभा राहील. खऱ्या अंधाचा वाटा कमी होईल. शिवाय बोगस प्रमाणपत्रांचं काय? २०२४ मध्ये पुण्यात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याचं प्रकरण देशभर गाजलं, त्यानंतर राज्यात दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची फेरपडताळणी सुरू झाली. ही भीती मला समजते. ज्याने खोटं प्रमाणपत्र घेऊन नोकरी मिळवली त्याने खऱ्या दिव्यांगाच्या ताटातलं काढून घेतलं, त्याला शिक्षा झालीच पाहिजे.

पण बोगस प्रमाणपत्र कोण मिळवतो याचा विचार करा. ज्याची ओळख आहे, ज्याच्याकडे पैसा आहे, जो दलालापर्यंत पोचतो तो. नियम कडक झाले की त्याला दलालाला थोडे जास्त द्यावे लागतात, एवढंच. वालीवच्या कामगाराला मात्र आणखी दोन हेलपाटे पडतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने नियम बदलले. टक्क्यांप्रमाणे पांढरं, पिवळं, निळं असं रंगीत ओळखपत्र आलं, आणि प्रमाणपत्र देण्याची मुदत एक महिन्यावरून तीन महिने झाली. तीन महिने म्हणजे डायलिसिसच्या रुग्णाच्या जवळजवळ चाळीस फेऱ्या.

आणि शुगरवाल्यांच्या गर्दीची भीती असेल तर उत्तर सोपं आहे. आजाराचं नाव बघू नका, परिणाम बघा. गोळी घेऊन कामावर जाणारा मधुमेही आणि यंत्राला बांधलेला किडनीचा रुग्ण यांच्यातला फरक वर्षभराच्या केसपेपरवरून कुठलाही डॉक्टर सांगू शकतो. डायलिसिसचं तर दर फेरीचं रजिस्टर असतं. त्याहून पक्का पुरावा कोणता? चार तास सुया टोचून घ्यायला कुणी बोगस रुग्ण आठवड्यातून तीनदा येत नाही.

आपल्या घरातल्या एका गोष्टीबद्दलही बोललं पाहिजे. आपल्याकडे अर्ज करायलाच लाज वाटते. सब्र करा म्हणतात. हात पसरू नका म्हणतात. रमजानमध्ये जकातीतून कुणी औषधाचे पैसे दिले तर चालतात, पण तहसीलच्या रांगेत उभं राहणं इज्जतीच्या आड येतं. मला हे उलट वाटतं. जकात देणाऱ्याची मर्जी असते, या वर्षी देईल, पुढच्या वर्षी दुसऱ्याला देईल. कायद्याने दिलेली मदत हा नागरिकाचा हक्क आहे, ती मागताना मान खाली घालायचं कारण नाही.

आणि दीनचाच दाखला हवा असेल तर तो आपल्या रोजच्या जगण्यात आहे. सूरह नूर आणि सूरह फतहमध्ये जिथे सवलतीचा उल्लेख येतो तिथे अंध, पंगू आणि आजारी हे तिघे एकापाठोपाठ येतात. आजाऱ्याला वेगळ्या रांगेत उभं केलेलं नाही. फिकहमध्ये याला रुखसत म्हणतात. उभं राहता येत नसेल तर बसून नमाज पढा, बसता येत नसेल तर आडवं होऊन पढा. पाणी बाधत असेल तर तयम्मुम करा. रोजा झेपत नसेल तर नंतर भरून काढा, तेही शक्य नसेल तर फिदिया द्या. प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच विचारलेला आहे, तुला झेपतं का? तुझा कोणता अवयव गेला, असं कुणी विचारत नाही. मशिदीत मागच्या रांगेत खुर्चीवर बसलेल्या चाचांना आपण टक्के विचारत नाही. मग त्यांनी सरकारकडे तीच रुखसत मागितली तर त्यात कमीपणा कसला? सब्र म्हणजे दुखणं सोसणं. हक्क सोडून देणं म्हणजे सब्र नव्हे.

हमीद दलवाई ३ मे १९७७ रोजी किडनीच्या आजाराने गेले तेव्हा ४४ वर्षांचे होते. त्यांच्या विचारांशी आपल्यातल्या बहुतेकांचे मतभेद आहेत आणि ते राहतील. पण त्या आजाराने शेवटच्या वर्षांत त्यांच्या शरीराचे काय हाल केले हे मराठी वाचकाला माहीत आहे. आज जवळजवळ पन्नास वर्षांनी त्याच आजाराच्या माणसाला आपल्या कायद्याच्या यादीत जागा नाही.

ती जागा करायला संसदेत नवा कायदा आणावा लागत नाही. २०१६ च्या कायद्याच्या अनुसूचीत शेवटी एक नोंद आहे की केंद्र सरकार अधिसूचना काढून आणखी कोणताही प्रकार यात घालू शकतं. एक अधिसूचना. कायम डायलिसिसवर असलेल्यांपासून सुरुवात करा. राज्याच्या हातातलं काम त्याहून सोपं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग काढला, त्याचा अभिमानही मिरवला. मग निराधार योजनेची २१,००० ची मर्यादा माणसाला खरं बोलता येईल अशा आकड्यावर आणा. दुर्धर आजाराच्या लाभार्थ्यालाही दिव्यांगाइतकीच रक्कम द्या. वसई तालुक्यासाठी तपासणीचा ठरलेला दिवस इथेच ठेवा, आणि एका दिवसाच्या तपासणीऐवजी इलाज करणाऱ्या डॉक्टरांच्या वर्षभराच्या नोंदी ग्राह्य धरा. महापालिकेने दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखून ठेवायचा असतो. तो किती आला आणि कशावर गेला, हे प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर लावा.

आणि आपल्या हातातलं काम आपण करू. प्रत्येक मोहल्ल्यात चार शिकलेली मुलं-मुली आहेत. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीत एक एलान होऊ शकतो की रविवारी सकाळी मदरशाच्या खोलीत अर्ज भरून मिळतील. जमातीच्या ट्रस्टने एका वकिलाला नावातल्या फरकाच्या शपथपत्रांसाठी महिन्यातून एकदा बसवावं. रुग्णाच्या घरच्यांनी एक फाईल करावी, तारखेप्रमाणे केसपेपर, डिस्चार्जचे कागद, रक्ताचे रिपोर्ट, आणि एका वहीत रोज दोन ओळी, आज काय झेपलं आणि काय नाही झेपलं. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, कशातही लिहा. तपासणीला जाताना ती वही बरोबर न्या. कमी टक्के दिले किंवा अर्ज नाकारला तर लेखी कारण मागा आणि अपील करा. कायद्याच्या कलम ५९ मध्ये अपिलाचा हक्क आहे, आणि तो वापरणारे आपल्यात फार थोडे आहेत.

ज्यांच्या घरात आजार नाही त्यांना एकच विनंती. तुमच्या गल्लीत असा एक तरी माणूस आहे. या रविवारी त्याच्याकडे जा, त्याची आधार आणि रेशनकार्डावरची नावं जुळतात का ते बघा. त्याचा अर्ज बहुतेक तिथेच अडलेला असेल.